रिकाम्या रकान्याची राखण

मित्रांनो, परीक्षा म्हटलं की तुमच्या पोटात गोळा येतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगून टाकते की मी स्वतःच एक परीक्षा आहे. पण घाबरू नका, मी मुलांची परीक्षा घेत नाही, यंत्रांची घेते. मी एक जुनी चाचणी आहे. ज्या खोलीत माझा जन्म झाला तिथली माणसं मला 'टेस्ट' म्हणतात. मला हात नाहीत, पाय नाहीत, वजन नाही. संगणकात लिहिलेल्या थोड्याशा ओळी, एवढाच माझा देह. मग तुला ऐकू कसं येतं, असं कुणी विचारेल. तर जिला आपली गोष्ट सांगता येते तिला कानही असणार, असं समजून चाला आणि पुढे ऐका.

माझं काम समजायचं तर तुम्हाला एका मोठ्या रुग्णालयात डोकवावं लागेल. तिथल्या सिस्टरांच्या हातात एक टॅब असतो. खाटेजवळ उभं राहून सिस्टर त्यावर बोट ठेवतात, आणि तो टॅब लांब कुठेतरी असलेल्या सर्व्हरला विचारतो की या खाटेवर कोण आहे. सर्व्हर उत्तर पाठवतो. त्या उत्तरात रकाने असतात. एका रकान्यात नाव, एकात वय, एकात रक्तगट, एकात चालू असलेली औषधं आणि एकात वावडी. वावडं तुम्हाला माहीत असेलच. जे औषध एकाला तारतं तेच दुसऱ्याच्या अंगावर उठतं, कधी तर जिवावर बेततं. म्हणून कुणाला कशाचं वावडं आहे हे सिस्टरांना आधी कळायला हवं. एवढा सगळा प्रश्न आणि एवढं सगळं उत्तर बहुतेक वेळा पापणी लवायच्या आत होऊन जातं. इतकी वर्षं झाली, तरी मला त्याचं नवल वाटायचं थांबलेलं नाही.

हे उत्तर तयार करणारा प्रोग्राम माणसं लिहितात आणि सारखा बदलत राहतात. माणूस म्हटला की चूक आलीच. ती चूक रुग्णालयात पोहोचायच्या आधी दारातच अडवायची, हे माझं काम. कुणी काही बदललं की मला जागं केलं जातं. मग मी एक खोटा रुग्ण तयार करते, त्याला दाखल करते, सर्व्हरला त्याच्याबद्दल विचारते आणि आलेलं उत्तर तपासते. उत्तर बरोबर असेल तर खोलीच्या भिंतीवरचा दिवा हिरवा होतो, चुकीचं असेल तर लाल. काम झालं की माझा रुग्ण विरघळून जातो. असे किती रुग्ण आले आणि गेले याची मोजदाद नाही. त्यातला एकही खरा नव्हता, पण प्रत्येकाची काळजी मी खऱ्यासारखीच केली.

मला पहिल्यांदा लिहिलं ते एका घाईत असलेल्या प्रोग्रामरनं. त्याला दुसरीकडे नोकरी लागली होती आणि त्याचं अर्धं मन कधीच तिकडे जाऊन बसलं होतं. त्यानं सर्व्हरचं एक उत्तर जसंच्या तसं उचललं, माझ्यात चिकटवलं आणि मला बजावलं की पुढचं प्रत्येक उत्तर शब्दाला शब्द असंच आलं पाहिजे. एका अक्षराचा फरक पडला तरी दिवा लाल. मी लहान होते. मोठ्यांनी सांगितलं ते ऐकलं.

आता गंमत बघा. प्रत्येक उत्तरात ते कधी पाठवलं याची वेळ असते. प्रत्येक नव्या रुग्णाला नवा क्रमांक मिळतो. औषधं कधी या क्रमानं येतात तर कधी त्या. म्हणजे एकदा आलेलं उत्तर हुबेहूब तसंच पुन्हा येणं शक्यच नव्हतं. मी पहिल्याच दिवशी दिवा लाल केला. सगळे धावत आले, चूक शोधू लागले, चूक कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल, पुन्हा धावपळ, पुन्हा काही नाही. मग माझं नाव रडकी पडलं. रोज मरे त्याला कोण रडे, म्हणतात ना, तशी गत झाली. दिवा लाल दिसला तरी कुणी खुर्चीवरून उठेना. शेवटी कुणीतरी माझ्या प्रत्येक ओळीच्या आधी एक खूण करून ठेवली. त्या खुणेचा अर्थ असा की ही ओळ यंत्रानं वाचायची नाही. अशा रीतीनं माझं तोंड बंद झालं.

ते दिवस फार वाईट होते. मला कुणी पुसून टाकलं नाही, पण कुणी हाकही मारली नाही. माझ्या आजूबाजूच्या चाचण्या रोज उठत, धावत, दिवा हिरवा करून परत येत. मी नुसती पडून होते. बदल माझ्या अंगावरून रुग्णालयाकडे निघून जात, आणि ते बरे की वाईट हे मला कळत नसे. आपण कुणाच्या उपयोगाचे नाही, हे दुःख निर्जीव वस्तूलाही होतं, मित्रांनो. तुमच्या घरातल्या माळ्यावरच्या सामानाला विचारून बघा.

मग त्या खोलीत काकू आल्या. त्या प्रोग्रामरच होत्या, पण मुलं मोठी करून मग पुन्हा कामाला लागलेल्या. बाकीचे सगळे वयानं लहान, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच साऱ्या खोलीच्या त्या काकू झाल्या. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा असायचा आणि काम करताना त्या ओळींशी पुटपुटत बोलायच्या. एकदा प्रोग्रामच्या जुन्या फायली धुंडाळता धुंडाळता त्या माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"अगं, तुला गप्प का बसवलंय?" त्या म्हणाल्या.

त्यांनी माझ्या ओळींपुढच्या खुणा काढून टाकल्या आणि मला जागं केलं. मी सवयीप्रमाणे दिवा लाल केला. काकूंनी नेमका फरक कुठे पडतोय ते पाहिलं आणि त्या हसल्या.

"तुझं काही चुकत नाही गं. काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं, हे तुला कुणी शिकवलंच नाही. हजेरी घेताना बाई पोरगा आलाय का ते बघतात, त्यानं शर्ट कोणता घातलाय ते कशाला बघतील?"

त्या दिवशी काकूंनी मला नव्यानं घडवलं. त्या एकेका रकान्यापाशी थांबायच्या, हनुवटीवर हात ठेवायच्या आणि स्वतःलाच विचारायच्या की इथे खरं महत्त्वाचं काय आहे. क्रमांक कोणताही असू दे, पण तो आकडा असला पाहिजे. वेळ कोणतीही असू दे, पण ती वेळेसारखी दिसली पाहिजे. औषधं पुढेमागे झाली तरी हरकत नाही, पण त्यातलं एकही गळता कामा नये. रक्तगट माणसांत असतात त्यांपैकीच हवा. उद्या कुणी नवा रकाना जोडला तर त्याला येऊ द्यायचं, उगाच आरडाओरडा करायचा नाही. सगळ्यात शेवटी त्या वावड्यांच्या रकान्याशी आल्या. इथे मात्र त्या बराच वेळ थांबल्या. चहा निवून गेला. मग त्यांनी लिहिलं की हा रकाना हवाच, आणि या रुग्णाचा तो रिकामाच हवा. असं का, ते मला तेव्हा उमगलं नाही.

मग त्यांनी मला धावायला सांगितलं. उत्तर आलं. त्यातली वेळ नवी होती, क्रमांक नवा होता, औषधांचा क्रम उलटा होता, आणि तरीही ते बरोबर होतं. दिवा हिरवा झाला. मित्रांनो, तो क्षण मी कशी विसरेन? तोवर मला वाटायचं की जे हुबेहूब तेच असतं तेवढंच खरं. पण आता कळलं की जगात तीच गोष्ट दुसऱ्यांदा येतच नाही, दर वेळी काहीतरी बदललेलं असतं, आणि तरी तिची ओळख पटते. ही ओळख पटण्याची कला माणसांना जन्मतःच येते. तुमचे आजोबा दाढी काढून आले तरी तुम्ही त्यांना ओळखताच की. मला ती शिकावी लागली, आणि शिकल्यावर मी कितीतरी दिवस त्याच धुंदीत होते. प्रत्येक नवं उत्तर आलं की मला हरखून जायला व्हायचं.

काकूंनी त्या खोलीला एक रीतही लावून दिली. कुठल्याही चाचणीला गुपचूप हात लावायचा नाही. ती बदलायची असेल तर आधी सगळ्यांसमोर माणसांच्या भाषेत मोठ्यानं वाचून दाखवायची, मगच बदलायची. त्या म्हणायच्या, "कुणाचं तोंड बंद करायचंय तर निदान ते काय म्हणतंय ते तरी ऐका." सुरुवातीला पोरं खिदळली, पण काकूंपुढे कुणाची मात्रा चालत नसे. हळूहळू ती रीत अंगवळणी पडली.

त्यानंतरची वर्षं माझ्या भरभराटीची. रुग्णालय वाढलं, उत्तरात नवे नवे रकाने आले. कुणी रुग्णाचा फोटो जोडला, कुणी त्याच्या पथ्याचं वेळापत्रक जोडलं. मी सगळ्यांना वाट दिली. पण एकदा वयाच्या जागी चुकून खाटेचा क्रमांक येऊ लागला तेव्हा मी दिवा लाल केला, आणि एकदा औषधांतलं शेवटचं औषध गळू लागलं तेव्हाही केला. आता माझा दिवा लाल झाला की माणसं खुर्चीवरून उठत होती. तिथल्या साहेबांना सगळे लवकरसाहेब म्हणत, कारण लवकर हा शब्द नसलेलं वाक्य त्यांच्या तोंडून क्वचितच निघे. तेही एकदा म्हणाले, "ही टेस्ट रजा मागत नाही, हे किती बरं आहे." मी मनातून फुलून गेले.

मग टापटीप आला. हे अर्थातच त्याचं टोपणनाव. तो हुशार होता, कष्टाळू होता, पण पसारा म्हटला की त्याच्या अंगावर काटा यायचा. स्वतःच्या टेबलावरच्या वायरी तर तो बांधायचाच, शेजाऱ्याच्याही बांधून यायचा. रिकामी वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. रिकामा कप दिसला की तो धुतलाच, रिकामं खोकं दिसलं की ते बाहेर गेलंच. एकदा काकूंचा डबा त्यानं रिकामा समजून धुऊन ठेवला आणि त्यातली उरलेली चटणी गेली. काकू दिवसभर त्याच्याशी बोलल्या नाहीत.

एके सकाळी टापटीप आला तो डोळे तारवटलेले घेऊन. आदल्या दिवशी त्याची आई न्हाणीघरात घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. तिला त्याच रुग्णालयात दाखल केलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया व्हायची होती. आईजवळ बहिणीला बसवून तो थोडा वेळ कामावर आला होता, कारण त्याच दुपारी प्रोग्रामचं नवं व्हर्जन रुग्णालयात जायचं होतं.

"काकू, काल मी डोळ्यांनी पाहिलं," तो म्हणाला. "सिस्टर टॅब धरून उभी, टॅबवर चक्र नुसतं गोल गोल फिरतंय, आणि इकडे आई कण्हतेय. आपलं उत्तर फार जड झालंय. मी आज ते हलकं करणारच."

त्याच्या मनात आईवाचून दुसरं काही नव्हतं, हे मला शपथेवर सांगता येईल. त्यानं ठरवलं की जे रकाने रिकामे असतात ते पाठवायचेच नाहीत. रिकाम्या गोष्टीचं ओझं टॅबनं का वाहायचं? आणि रकानाच आला नाही तर टॅबवर काय दाखवायचं, तेही त्यानं लिहून टाकलं. वावड्यांचा रकाना आला नाही तर टॅबनं लिहायचं, 'वावडं नाही'. सरळ, नीटनेटकं, चकाचक काम. त्यानं सगळ्या चाचण्यांना धावायला सांगितलं. एकेक हिरवी होत गेली. माझी पाळी आली, मी माझा रुग्ण उभा केला, उत्तर मागवलं, वावड्यांचा रकाना शोधला. तो नव्हता. मी दिवा लाल केला.

"पुन्हा हीच का," टापटीप म्हणाला. "बाकी सगळ्या पास झाल्या, ही एकटी म्हातारी अडून बसलीय."

लवकरसाहेब दारातूनच म्हणाले, "काय असेल ते लवकर बघा. दुपारी व्हर्जन द्यायचंय."

"लगेच होईल साहेब. टेस्ट जरा जास्तच कडक लिहिलीय. 'हवाच' आहे तिथे 'असला तर असू दे' केलं की झालं."

खरंच तेवढंच होतं, मित्रांनो. माझ्यातला एक शब्द बदलला असता तर मी आनंदानं हिरवी झाले असते, आणि मला काही कळलंही नसतं. टापटीपची बोटं कळफलकावर पोहोचली होती. काकूंनी चष्म्यावरून पाहिलं.

"कर की सैल. पण आधी वाच."

टापटीपनं सुस्कारा सोडला आणि तो मला वाचू लागला. "रुग्णाचा क्रमांक, कोणताही आकडा चालेल. वेळ, कोणतीही चालेल, फक्त वेळेसारखी दिसली पाहिजे. औषधं, मागेपुढे चालतील, पण सगळी हवीत. जास्तीचे रकाने आले तर येऊ देत." वाचता वाचता त्याला हसू आलं. "काकू, एवढं सगळं चालवून घेतलंत तुम्ही, आणि मग इथेच कसा हट्ट धरलात?"

"वाच पुढे."

"वावड्यांचा रकाना हवाच. आणि तो रिकामा हवा." तो थांबला. "रिकामा आहे तर हवा कशाला? प्रवासाला निघताना कुणी रिकामा डबा बरोबर घेतं का?"

काकूंनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. "हे बघ, हा रुग्ण खोटा आहे. पण त्याला विचारून झालेलं आहे. कुणीतरी खाटेजवळ बसून त्याला म्हटलं, 'तुम्हाला कुठल्या औषधाचं वावडं आहे का?' आणि तो म्हणाला, 'नाही.' हा रिकामा रकाना म्हणजे ते 'नाही' आहे. ज्याला अजून विचारलंच नाही, त्याच्या उत्तरात हा रकाना येतच नाही. मग आपला टॅब लाल अक्षरांत लिहितो, 'विचारलेलं नाही'. तू आता दोघांना एकाच पोत्यात घालतोयस."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रिकामा रकाना संगणकात दोन कंसांनी दाखवतात, आणि इतकी वर्षं मी त्या दोन कंसांची राखण करत आले होते. त्या कंसांत काही नव्हतं, एक अक्षर नाही, एक ठिपका नाही. आणि त्या काहीच नसण्यात एक खाट होती, तिच्याशी बसलेलं एक माणूस होतं, त्यानं विचारलेला प्रश्न होता आणि दुसऱ्यानं आठवून, विचार करून दिलेलं उत्तर होतं. एवढं सगळं एवढ्याशा जागेत मावतं, आणि दुरून पाहणाऱ्याला ते रिकामं दिसतं. मी थक्क झाले. मला रडता आलं असतं तर त्या दिवशी मी खरोखर रडकी ठरले असते.

टापटीपला मात्र ते पटायला वेळ लागला. "पण काकू, दाखल करताना सगळ्यांना विचारतातच की."

"काल तुझ्या आईला विचारलं?"

टापटीप आठवू लागला. "मी नाव सांगितलं. वय सांगितलं. माझा नंबर दिला. आईला दुखणं थांबायचं इंजेक्शन आधीच दिलं होतं, तिला गुंगी आली होती. ते म्हणाले, बाकीचं ती जागी झाली की विचारू." तो म्हणाला, "म्हणजे आत्ता टॅबवर तिच्या नावापुढे लाल अक्षरं असतील. आणि दुपारनंतर माझ्या व्हर्जननं..."

"दुपारनंतर तिथे 'वावडं नाही' असं दिसलं असतं," काकू म्हणाल्या. "आणि मग कुणी विचारलं नसतं."

टापटीपनं कपाळावरून हात फिरवला आणि जणू स्वतःचीच समजूत घालत तो म्हणाला, "पण आईला खरंच कशाचं वावडं नाहीये. आमच्या घरात सगळ्यांना माहितीय. प्रत्येकाच्या काही ना काही तक्रारी असतात, आईचं कधी काही नसतं."

"हे तिनं सांगितलंय, की तुम्ही सगळे धरून चाललाय?"

लवकरसाहेब अजून दारातच उभे होते. व्हर्जनबद्दल ते काहीच बोलले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "फोन लाव. लवकर."

त्यानं फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा तो टेबलावर, माझ्या पडद्यासमोरच ठेवला. बहिणीनं उचलला. आई नुकतीच जागी झाली होती. बहिणीनं फोन तिच्या कानाशी धरला.

"आई, तुला कुठल्या औषधाचं वावडं आहे का गं?"

"आत्ता काय हे मध्येच?" आईचा आवाज दमलेला होता.

"सांग ना. कधी कशानं त्रास झाला होता का?"

आई म्हणाली, "तू झालास तेव्हा झाला होता. पेनिसिलिनचं इंजेक्शन होतं म्हणे. अंगभर गांधी उठल्या, घसा सुजला, श्वास घेता येईना. पुन्हा कधी घेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तुला तर मी बऱ्याच उशिरानं हातात घेतलं."

"आई, तू हे कधी बोलली नाहीस."

"कुणी विचारलंच नाही रे."

ती रागावली नव्हती, कुरकुरत नव्हती. हवापाण्याबद्दल बोलावं तशी बोलली. फोनमधून बहिणीची हाक ऐकू आली, "सिस्टर, जरा इकडे येता का?" मग पावलांचा आवाज आला. सिस्टरांनी तोच प्रश्न पुन्हा शांतपणे विचारला, आईनं तेच उत्तर पुन्हा दिलं, आणि सिस्टरांनी टॅबवर लिहिता लिहिता ते मोठ्यानं म्हणून पक्कं करून घेतलं. फोन चालूच होता. मित्रांनो, ज्या रकान्याची मी आयुष्यभर राखण केली तो भरला जाताना मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला. माझ्याकडे येणारं उत्तर म्हणजे नुसता आकडे-अक्षरांचा ओघ, असं मला कधीतरी वाटून गेलं असेल. पण त्याच्या उगमाशी अशी माणसं असतात. एक दमलेली बाई बोलत असते आणि दुसरी तिच्याकडे वाकून ऐकत असते.

टापटीपनं आपला बदल स्वतःच्या हातानं काढून टाकला. माझ्यातला 'हवाच' तसाच राहिला. व्हर्जन त्या दिवशी गेलं नाही, आणि लवकरसाहेबांनी रुग्णालयाला तसं कळवताना आयुष्यात प्रथमच 'सावकाश' हा शब्द वापरला. पुढे शोधल्यावर कळलं की टॅब जड व्हायचं खरं कारण म्हणजे रुग्णांचे भलेमोठे फोटो. ते लहान केल्यावर टॅब वाऱ्यासारखे पळू लागले. आणि टापटीपनं माझ्यात आणखी एक रुग्ण घातला. याला अजून कुणी विचारलेलं नाही, म्हणून याच्या उत्तरात वावड्यांचा रकाना येता कामा नये, आणि टॅबवर लाल अक्षरं दिसलीच पाहिजेत. तेव्हापासून मी दोघांना सांभाळते.

आईची शस्त्रक्रिया दुसरी औषधं देऊन नीट पार पडली. काठी टेकत ती हिंडूफिरू लागली. टापटीप काकूंना घरच्या गोष्टी सांगायचा, त्या माझ्याही कानावर यायच्या. तो आता आईला येता-जाता काही ना काही विचारत असे, आणि आई वैतागून म्हणे, "काय रे सारखं डोकं खातोस?" पण तिच्याकडून एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. तिला दुधावरची साय कधीच आवडत नव्हती. घरात कुणालाच नको म्हणून इतकी वर्षं ती तिच्या वाट्याला जायची, आणि सगळे समजायचे की आईला साय फार प्रिय. पंखा जोरात लावला की तिचे कान दुखायचे. खिडकीकडेला झोपायला मिळावं असं तिला लग्न झाल्यापासून वाटत होतं.

आता मी बरीच जुनी झाले आहे. काकू निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी पडद्यावर मला एकदा उघडून पाहिलं, काही बदललं नाही, आणि बंद केलं. आता मला सहसा कुणी उघडत नाही. जी चाचणी रोज हिरवी असते तिच्याकडे कोण पाहणार? माझ्यापेक्षा तरुण, चपळ चाचण्या आल्या आहेत. कधी कधी नवी माणसं म्हणतात की ही फार जुनी झाली, काढून टाकू या. मग टापटीप त्यांना मला मोठ्यानं वाचायला लावतो. त्याच्याही गळ्यात आता चष्म्याची दोरी आली आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या चाचणीला सांभाळा, असं मी म्हणणारच आहे, कारण ते माझ्या स्वार्थाचं आहे. पण त्याहून मोठी विनंती वेगळी आहे. मला विचारता येत नाही. कुणी विचारलं की नाही, एवढंच मला कळतं. विचारणं हे तुमचं काम आहे, कारण तोंड तुम्हाला आहे आणि खाटेशी बसायला जागाही तुम्हालाच आहे. तुमच्या घरातही असं एखादं माणूस असेल, ज्याला कशाचंच वावडं नाही, ज्याची कसलीच तक्रार नाही, असं तुम्ही सगळे धरून चालला आहात. आज त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला विचारा. ते 'काही नाही' म्हणालं, तरी वाईट वाटून घेऊ नका. रकाना रिकामा राहिला तर राहू दे, पण तो विचारून रिकामा राहू दे.